डाव्या बाजूचा ठोका

अम्रीनने खोक्यातली एकेक वस्तू काढून चटईवर ओळीने मांडली आणि मग मोजली. कन्सोल एक. कंट्रोलर दोन. वायरी तीन, त्यांतली एक विजेची, एक टीव्हीला जोडायची, एक चार्जिंगची. हेडफोन एक. खेळाची डिस्क एक. सूचनांचा कागद एक. एकूण नऊ. खोक्यावर चिकटवलेल्या यादीतही नऊच होत्या. तरी तिने पुन्हा मोजल्या. तीन वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणूस यादीपेक्षा स्वतःच्या बोटावर जास्त विसंबतो.

“दहा हायेत,” दारातून तिचे अब्बा, दिलावर, म्हणाले.

“नऊ.”

“ती पुडी मोजली न्हाईस.”

खोक्याच्या तळाशी हवेतला दमटपणा शोषून घेणारी पांढरी पुडी पडली होती. दिलावर दारात, खोक्यापासून चार पावलांवर उभा होता आणि पुडीवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरंही त्याने तिथूनच वाचून दाखवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला चष्मा नव्हता आणि हे तो भोरच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत असे.

“ते खायचं नसतं, अब्बा.”

“मोजायचं तरी असतं का न्हाई?”

अम्रीनने वहीत नऊ खोडून दहा लिहिले.

पुण्याची एक लहानशी कंपनी ‘खिंड’ नावाचा बंदुकीचा खेळ तयार करत होती. बाजारात यायला अजून वेळ होता. कंपनीला खेळ तपासणारं माणूस हवं होतं आणि अम्रीनने अर्ज केला होता. परीक्षा अशी होती: दहा दिवस खेळ घरी ठेवायचा, स्वतः खेळायचा, आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेल्या एका माणसाकडून खेळवून घ्यायचा, आणि खेळाच्या जमेच्या बाजू कोणत्या, उणिवा कोणत्या, याचा अहवाल लिहायचा. अहवाल पटला तर नोकरी.

आईला, बिलकीसला, तिने आधी विचारलं. बिलकीस म्हणाली, “मी बंदूक धरली तर भाकऱ्या कोण धरंल?” मग उरला दिलावर. तो रोज सकाळी टेम्पोत माल भरून भोरहून वेल्ह्याला जायचा आणि पाच वाजता परत यायचा. पाच ते सात तो मोकळा असे. त्याच्याबरोबर धनाजीही मोकळा असे.

धनाजी तेवीस वर्षं दिलावरच्या टेम्पोवर क्लीनर, गाडीवाल्यांच्या बोलीत किन्नर, होता. दोघांनी मिळून वरंधा घाटातून महाडला किती फेऱ्या मारल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. नंतर धनाजी कामथडीला स्वतःच्या शेतावर गेला. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तो पुन्हा टेम्पोवर येऊ लागला होता. वांग्याला पाणी सोडलं की दिवसभर करू काय, असं तो म्हणायचा.

पहिल्या संध्याकाळी दोघे लाकडी दिवाणावर बसले. दिलावर उजवीकडे, धनाजी डावीकडे. टेम्पोत बसत तसेच.

“माणूस कुठाय?” पडद्याकडे बघत दिलावरने विचारलं.

“माणूस तुम्हीच, अब्बा. तुम्हाला जे दिसेल तेच पडद्यावर. म्हणून फक्त हात आणि बंदूक.”

“मग मला पाय का न्हाईत?”

अम्रीनने वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने केले होते. उजव्या रकान्यात तिने पहिली उणीव लिहिली: खाली पाहिलं तर पाय दिसत नाहीत.

खेळात औषधांच्या गाड्यांचा तांडा एका डोंगरी खिंडीतून पलीकडे न्यायचा होता. वाटेत उडती यंत्रं हल्ला करत. ती पाडायची. धनाजीने पहिल्याच मिनिटात त्यांना भुंगे म्हटलं आणि घरात तेच नाव पडलं. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने मान वळवायची, हे दिलावरला दहा मिनिटांत जमलं. एकच गोष्ट त्याच्याकडून सुटेना. प्रत्येक वळणाच्या आधी तो थांबायचा आणि कंट्रोलरचं वरचं बटण दाबायचा. ते बटण दाबलं की शिपाई शिट्टी वाजवत असे.

“अब्बा, शिट्टी नका वाजवू. भुंग्यांना कळतं तुम्ही कुठं आहात ते.”

“आंधळं वळण हाय. हॉर्न न देता घालू?”

“समोरून गाडी येत नाहीये.”

“हे तुला काय ठाऊक? घाटात वळणापलीकडचं कुणाला ठाऊक असतं?” त्याने पुन्हा शिट्टी वाजवली. शिट्टी समोरच्या कड्यावर आपटून परत आली. दिलावर क्षणभर कान देऊन बसला. “पलीकडचा कडा पाव किलोमीटरवर हाय.”

अम्रीनने मोबाईलवर आवाज परत यायला लागणारा वेळ मोजला. एक पूर्णांक चार दशांश सेकंद. म्हणजे कडा दोनशे चाळीस मीटरवर. खेळातल्या नकाशावर तिने अंतर मोजलं तर तेही दोनशे चाळीसच्या आसपास भरलं. तिने डाव्या रकान्यात पहिली जमेची बाजू लिहिली: प्रतिध्वनी खरा आहे. खाली दुसरी लिहिली, तीही दिलावरचीच. त्याने मध्येच डोळे मिटून सांगितलं होतं, “ही खडी. हा डांबरी. आता पुलाच्या फळ्या.” गाडी ज्या जमिनीवरून चाले तिच्याप्रमाणे कंट्रोलर हातात वेगवेगळा थरथरत होता.

“आणि वर डाव्या कोपऱ्यात रडार आहे,” ती म्हणाली. “लाल ठिपके म्हणजे भुंगे.”

“कुठंय?”

“वर. डावीकडं.”

दिलावरने अख्खी मान वळवली तेव्हा त्याला ते दिसलं. “लई बारीक हाय.”

उजव्या रकान्यात आणखी एक उणीव झाली: रडार फार लहान आहे.

धनाजीने मात्र कंट्रोलरला हात लावला नाही. “माझी बोटं खुरप्याची,” म्हणाला. तो बघत बसायचा आणि दिवाणाच्या लाकडी हातावर बोटाच्या पेराने ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. तीन म्हणजे मागे घे. घाटात टेम्पो मागे घेताना इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, पत्र्यावरचा ठोका जातो. तेवीस वर्षं त्याने डाव्या बाजूच्या पत्र्यावर असे ठोके दिले होते आणि दिलावरचे हात अजूनही त्या ठोक्यांवर आपोआप चालत होते. एक ठोका पडला की दिलावर थांबे, पडदा डावीकडे फिरवी, आणि तिथे भुंगा असे.

“ह्यो एक सोबती दिलाय बग गेमात,” दुसऱ्या दिवशी धनाजी म्हणाला. खेळणाऱ्याबरोबर एक शिपाई चालत असे आणि दर दोन मिनिटांनी ‘पुढे चला’ म्हणत असे. “किन्नर म्हून बिनकामाचा गडी. डाव्या अंगाला बघत न्हाई, ठोका देत न्हाई. नुसतं पुढं चला, पुढं चला. आरं, पुढं तर डायवरला दिसतंच की!”

“तू पण तेच करायचास सुरवातीला,” दिलावर म्हणाला.

“म्या सोळा वर्साचा हुतो. ह्याला मिश्या हायेत.”

अम्रीन हसली आणि उजव्या रकान्यात लिहिलं: सोबती निरुपयोगी.

खेळात एक सरावाचं मैदान होतं. अहवालासाठी तिला ते फार सोयीचं वाटलं. तिथे एका फेरीत चाळीस भुंगे येत, वीस डावीकडून, वीस उजवीकडून, क्रम दर वेळी वेगळा. रोज संध्याकाळी ती दिलावरकडून एक फेरी खेळवून घेई आणि आकडे वहीत मांडी. दुसऱ्या दिवशी डावीकडचे बारा पडले, उजवीकडचे तेरा. तिसऱ्या दिवशी चौदा आणि पंधरा. रेघ सुरेख वर चालली होती. नवशिका किती वेगाने शिकतो हे दाखवायला याहून चांगला आलेख मिळाला नसता.

चौथ्या दिवशी डावीकडचे चार पडले. उजवीकडचे सोळा.

तिने फेरी पुन्हा घ्यायला लावली. पाच आणि सोळा.

दिलावरने कंट्रोलर मांडीवर ठेवला. “आज डावीकडनं फसवून येतायत.”

त्या दिवशी सकाळी खेळाचं नवं अपडेट आलं होतं. अम्रीनला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. अपडेटमध्ये डावीकडच्या भुंग्यांचा वेग किंवा आवाज बिघडला असणार. इतकी मोठी उणीव चौथ्याच दिवशी आकड्यांसकट हाती लागली, म्हणून तिला आनंदही झाला. त्या दिवशी धनाजी भाचीच्या साखरपुड्याला किकवीला गेला होता. वहीच्या कोपऱ्यात ‘धनाकाका नाहीत’ असंही तिने लिहून ठेवलं, कारण प्रयोगाच्या वेळी खोलीत कोण होतं ते लिहायची तिला सवय होती. त्या ओळीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी तिने आकडे आणि फेऱ्यांची चित्रफीत कंपनीत इंद्रजितला पाठवली. परीक्षा घेणारा तोच होता. दुपारी त्याचा फोन आला.

“अपडेटमध्ये आम्ही त्या मैदानाला हातच लावलेला नाही,” तो म्हणाला. “पण तुमचे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतः खेळून पाहिलं?”

“नाही.”

“पाहा. अजून एखाद्या नव्या माणसाकडूनही पाहा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चित्रफितीत तो टकटक आवाज कसला आहे?”

“आमचे एक काका दिवाणावर ठोके देतात.”

“मग ते बंद करून पुन्हा मोजा. आवाजाकडे खेळणाऱ्याचं लक्ष जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तुम्हाला मी काय सांगू.”

सांगायला नको होतं, म्हणूनच तिला ते लागलं. तिने तिथेच बसून स्वतः एक फेरी खेळली. डावीकडचे एकोणीस, उजवीकडचे एकोणीस. मग स्वयंपाकघरातून आईला हाताला धरून आणलं. बिलकीसने ओल्या हातांनी कंट्रोलर घेतला, दर भुंग्यामागे एकदा “या अल्ला” म्हटलं, आणि डावीकडचे सात, उजवीकडचे आठ पाडले.

खेळ ठीक होता.

संध्याकाळी टेम्पो आला. धनाजी आत येऊन नेहमीच्या जागी बसला आणि साखरपुड्यातल्या जिलबीची तक्रार सांगू लागला.

“काका, आज ठोके द्यायचे नाहीत,” अम्रीन म्हणाली. “प्रयोगात गडबड होते.”

धनाजीने तिच्याकडे पाहिलं, मग दिलावरकडे. “एक बी न्हाई?”

“एकही नाही. हात मांडीवर ठेवा.”

धनाजीने हात मांडीवर ठेवले. फेरी सुरू झाली. अम्रीन या वेळी पडद्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. उजवीकडून भुंगा आला की दिलावरचा अंगठा लगेच हलायचा. डावीकडून आला की काहीच हलत नव्हतं. चेहरा निवांत असायचा. भुंगा डावीकडून मध्यावर आला, की तो जणू हवेतून उगवल्यासारखा दचकायचा. धनाजीची बोटं मांडीवर धोतराच्या काठाशी चाळा करत होती. एकदा त्याचा हात उचलला गेला आणि त्यानेच तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

डावीकडचे चार. उजवीकडचे सतरा.

“लई वाईट गेम हाय,” दिलावर म्हणाला. “लिही तसं.”

अम्रीनने आकडे लिहिले. वहीचं पान मागे उलटून चौथ्या दिवसाच्या कोपऱ्यातली ओळ वाचली. मग चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने बाहेर गेली.

टेम्पो दारासमोर उभा होता. उजव्या बाजूच्या आरशाचं काळं प्लास्टिक उन्हाने राखाडी पडलं होतं. त्यावरचा चंद्रकोरीचा स्टिकर ती आठवीत असताना तिनेच लावलेला होता. डाव्या बाजूचा आरसा नवा कोरा होता. त्याच्या खाली पत्र्यावर एकाखाली एक तीन ओरखडे होते, त्यांतल्या दोनांवर रंग मारलेला.

धनाजी चप्पल घालून बाहेर आला. सातची एसटी गाठायची होती.

“काका, कामथडी वेल्ह्याच्या वाटेवरच लागतं ना?”

“व्हय.”

“मग रोज सकाळी एसटीनं उलटे भोरला का येता? अब्बा कामथडीलाच तुम्हाला घेतील की.”

धनाजीने टेम्पोच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

“भोर ते कामथडी डाव्या अंगाला कोण बसंल?” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“मागल्या पावसात मार्गासनीला म्हशीच्या शिंगाला आरसा लागला. म्हस काळी, मान्य. पर दिवसाची येळ हुती, पोरी. तवा म्या बसलो गाडीत, त्यो आजपातूर.”

“त्यांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला गाडीत घेतलं नसतं त्यानं. लई मानी हाय तुजा बाप. मग?” त्याने पत्र्यावर हलकेच दोन ठोके दिले, जसं काही टेम्पोलाच सांगितलं की जाऊ दे, आणि स्टँडकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. टेम्पो रविवारी उभा असे आणि धनाजीही येत नसे. नाश्ता झाल्यावर अम्रीनने कन्सोल सुरू केला, कंट्रोलर दिलावरच्या हातात दिला आणि त्याच्या डावीकडे, धनाजीच्या जागी जाऊन बसली.

“वही न्हाई आज?” त्याने विचारलं.

“नंतर लिहीन.”

फेरी सुरू झाली. पहिला भुंगा डावीकडून आला. अम्रीनने लाकडावर पेराने एक ठोका दिला. दिलावरने पडदा फिरवला आणि भुंगा पाडला. दुसरा उजवीकडून आला, तो त्याने आपणच पाडला. तिसरा डावीकडून. ठोका. पाडला. असे अकरा भुंगे झाले. मग दिलावरने खेळ थांबवला. पडद्यावर बारावा भुंगा हवेत गोठून राहिला.

“धनाचा ठोका असा नसतो.”

“कसा असतो?”

“त्याच्यात घाई नसते.” तो पडद्याकडेच बघत होता. “तुझ्यात हाय. घाबरलीस का?”

“हो.”

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

“कधीपासून, अब्बा?”

“रमजानच्या आधी. पयल्यांदा वाटलं आरसाच सैल झालाय. आरसा बदलला. मग वाटलं नवा आरसा हलक्या मालाचा हाय.” त्याने कंट्रोलर उलटा करून त्याचा तळ बघितला, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. “समोरचं सगळं दिसतं. तुझ्या पुडीवरचं दिसलं. मग म्हटलं, ह्या डोळ्यांत काय बिघाड असायचा?”

“मधलं दिसतं आणि कडेचं जातं, असं होऊ शकतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. नक्की काय आहे ते डॉक्टर सांगतील.”

“आणि डॉक्टर गाडी सोडायला सांगतील.”

दिलावर दाराबाहेर बघत होता. तिथून टेम्पोचा अर्धा भाग दिसत होता, ड्रायव्हरच्या बाजूचा.

“आधी एक तपासणी असते,” ती म्हणाली. “मी वाचलं. वाडग्यासारख्या गोल पडद्यात डोकं टेकवून बसायचं. हातात एक बटण. आत कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला चोपन्न जागा.”

“म्हंजे गेमच की.”

“हो.”

“हॉर्न असतो?”

“नाही.”

“आणि बाजूला धना?”

“बाहेर बसता येतं. आत नाही.”

दिलावरने बराच वेळ हनुवटी खाजवली. मग उठून खुंटीवरची टेम्पोची चावी काढली आणि टीव्हीच्या फळीवर, कन्सोलच्या बाजूला ठेवली.

“तोवर हितं राहू दे,” तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत निम्म्याच्या वर ठिपके दिसले तर मी उचलीन. एकात जरी कमी पडले तर धना उचलंल. लायसन हाय त्याचं, चालू हाय. इतकी वर्सं घाटात बसला शेजारी, पर एकदा चावी मागितली न्हाई त्यानं.”

“निम्मं की किती, ते डॉक्टर ठरवतात, अब्बा.”

“डॉक्टरांचं डॉक्टर बघतील. हे माझं हाय.” त्याने पुन्हा कंट्रोलर उचलला. “चल, हा लटकलाय तो भुंगा तरी पाडू. ठोका दे. सावकाश.”

चोपन्नाचे निम्मे सत्तावीस. अम्रीनने ते मनातच केलं आणि सावकाश ठोका दिला.

सोमवार-मंगळवार टेम्पो दारात उभा राहिला. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी तिने अहवाल पुरा केला. जमेच्या बाजू अकरा: प्रतिध्वनी, कंट्रोलरची थरथर, बंदुकीचं वजन हाताला जाणवतं, एकाच मैदानातल्या फेऱ्या मोजता येतात, पडलेला खेळाडू जिथे पडला तिथूनच पुन्हा उठतो, आणि असेच. उणिवा चौदा: पाय नाहीत, टप्पा बदलताना पंचेचाळीस सेकंद नुसता अंधार बघावा लागतो, मध्येच खेळ जपून ठेवता येत नाही, दिवाणावरून खालची अक्षरं वाचता येत नाहीत. ‘डावीकडचे भुंगे दिसत नाहीत’ हा मुद्दा तिने खोडला आणि समासात लिहिलं की तो दोष खेळाचा नव्हता, मोजणारीचा होता. ‘सोबती निरुपयोगी’ याच्या पुढे मात्र तिने अर्धं पान लिहिलं. सोबती समोरचं सांगतो, जे खेळणाऱ्याला दिसतंच. त्याने न दिसणाऱ्या बाजूला बसावं. बोलू नये. ठोका द्यावा: एक थांब, दोन जाऊ दे, तीन मागे घे.

बुधवारी सकाळी इंद्रजितचं दोन ओळींचं उत्तर आलं. खोडलेला मुद्दा खोडलेलाच ठेवून पाठवल्याबद्दल आभार, पुढच्या सोमवारी पुण्याला येऊन भेटा. आणि ठोक्यांची कल्पना कुणाची?

‘कामथडीच्या एका वांगी उत्पादकाची,’ तिने एसटीत बसून उत्तर पाठवलं.

तिघेही स्वारगेटच्या गाडीत होते, पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात निघालेले. दिलावर खिडकीशी बसला होता आणि ड्रायव्हरने गिअर बदलला की त्याचा डावा हात गुडघ्यावर हलत होता. धनाजीने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि मांडीवर वांग्यांची पिशवी धरली होती, डॉक्टरांना द्यायला. टेम्पोची चावी दिलावरने येताना फळीवरून उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. कुणी का म्हणून विचारलं नाही.

दवाखान्यात तपासणीची खोली अंधारी होती. दार लोटण्याआधी अम्रीनने बघितलं: दिलावर त्या पांढऱ्या वाडग्यापुढे ताठ बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, उजव्या मुठीत बटण, अंगठा वर. यंत्र चालवणारी मुलगी सांगत होती, “काका, नजर मधल्या दिव्यावर. शोधायला जायचं नाही.”

“शोधायचं न्हाई?”

“दिसला तरच दाबायचं.”

“मधे कंटाळा आला तर?”

“तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं.”

“हे चांगलं हाय,” तो म्हणाला. “आमच्या घाटात ही सोय न्हाई.”

दार बंद झालं. अम्रीन भिंतीला टेकून उभी राहिली. समोरच्या लांब बाकाच्या डाव्या टोकाला धनाजी बसला होता, उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडून. आतून अधूनमधून बटणाची बारीक टिक ऐकू येत होती. टिक येत होती तेव्हा धनाजी मान हलवी. बराच वेळ आली नाही की त्याचा हात बाकाच्या लाकडावर जाई आणि तिथेच थांबे.

अठरा मिनिटांनी दिलावर बाहेर आला. डोळे चोळत तो बाकापाशी थांबला. मोकळ्या जागेकडे त्याने पाहिलं.

“सरक,” तो धनाजीला म्हणाला.

“ही हाय की जागा.”

“तिकडं सरक. उजवीकडं.”

धनाजी पिशवीसकट उजवीकडे सरकला. दिलावर त्याच्या डावीकडे बसला. खिशातून चावी काढून त्याने दोघांच्या मधल्या लाकडावर ठेवली आणि बोटाच्या पेराने, न घाई करता, दोन ठोके दिले.

यंत्र चालवणाऱ्या मुलीने दोन कागद आणून अम्रीनच्या हातात दिले. दोन्हींवर काळे चौकोन आणि ठिपके होते. मुलीने सांगितलं की काळा चौकोन म्हणजे न दिसलेली जागा, ठिपका म्हणजे दिसलेली, बाकी डॉक्टर सांगतील. अम्रीनने कागद खिडकीशी नेले. पेन्सिलीचं टोक टेकवत एकेक ठिपका मोजला. मग पुन्हा एकदा मोजला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

उजवा डोळा: चोपन्नपैकी अडतीस. डावा डोळा: चोपन्नपैकी एकोणीस.